‘ती ऑफिसच्या कामाला गेलीय’

(पत्र थोडं कापून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून दिलं आहे.)

ताई,

भांडुपला आमचा वन बीएचके आहे. मी, मिस्टर आणि दहा महिन्यांपूर्वी परत आलेला मुलगा. तो आणि सून वेगळे झाले. मारहाण, व्यसन, बाहेरचं असलं काही नाही. दोघं म्हणतात, पटत नाही, आम्ही दमलो. सून सात वर्षांच्या नातीला घेऊन बोरिवलीला माहेरी राहते. नात एक आड एक रविवारी आमच्याकडे येते. वर्ष भरलं की दोघं संमतीने अर्ज करणार आहेत.

नातेवाइकांत कोणालाच सांगितलेलं नाही. विचारलं तर ‘ती ऑफिसच्या कामाला बंगलोरला गेलीय’ म्हणतो. मिस्टर मुलाशी बोलत नाहीत. ‘त्याला सांग जेवून घे’, ‘त्यांना सांग लाईट बिल भरलं’, सगळं माझ्यामार्फत, आणि तेही तिघं एकाच खोलीत असताना! सुनेशी संबंध ठेवायचा नाही असं मिस्टरांनी बजावलंय. दुपारी ते झोपले की मी गॅलरीत जाऊन तिला फोन करते. मुलालाही हे माहीत नाही. मी माझ्याच मुलाशी दगा करतेय का?

आता गणपती आले. वीस वर्षांपूर्वी आम्ही गावचा गणपती इथे आणला. गौरी-गणपती जाईपर्यंत घर भरलेलं असतं. लोक विचारणारच. सुनेच्या हातच्या मोदकांच्या कळ्या आमच्या अख्ख्या घराण्यात नावाजलेल्या. तिला बोलवू का?

मागच्या खेपेला शेजारणीने नातीला विचारलं, ‘आई कुठे गं?’ तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग म्हणाली, ‘ऑफिसच्या कामाला गेलीय.’ हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. त्याच दिवशी झोपताना तिने मला विचारलं, ‘आजी, तू बाबाच्या बाजूची आहेस का?’ मला उत्तर सुचलं नाही. तिने काढलेलं आम्हा पाच जणांचं चित्र फ्रिजवर लावलंय. मिस्टर म्हणतात, पाहुणे यायच्या आत ते काढून टाक.

दोघांना जुळवायला अजून वेळ आहे ना?

– एक आजी

*

आजी,

तुम्ही सही तशी केलीत म्हणून मीही तेच म्हणते, नाहीतर वयाने तुम्ही माझ्या मोठ्या बहिणीसारख्या.

पत्रात पाच-सहा प्रश्न आहेत, पण मी एका वाक्यावर अडकले ती अडकलेच. ‘तिने आधी माझ्याकडे पाहिलं.’ आपली आई बोरिवलीला आहे हे त्या पोरीला पक्कं ठाऊक आहे. तरी तोंड उघडायच्या आधी तिने तुमचा चेहरा वाचला, आणि या घरात काय बोललेलं चालतं ते तिला कळलं.

हे बघणं मला ओळखीचं आहे. मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होते. तो संप संपला असं रीतसर कोणी कधी जाहीरच केलं नाही. गिरण्यांचे भोंगे गेले ते गेलेच, आणि ज्याला जे मिळेल ते तो करू लागला. दीडेक वर्षाने वडील म्हणाले, एका कंपनीत सुपरवायझरची नोकरी लागली. सकाळी रेक्झिनची पिशवी घेऊन निघायचे, वर डबा, खाली घडी घातलेलं काहीतरी. एकदा शाळेच्या मैत्रिणीबरोबर प्रभादेवीहून येत होते. एका इमारतीचं फाटक उघडलं, गाडी आत गेली, आणि फाटक धरून उभा असलेला खाकी शर्टातला माणूस माझे वडील होते. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. त्या रात्री जेवताना आईने विचारलं, ‘आज कंपनीत काय?’ वडिलांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईला म्हणाले, ‘काही नाही, नेहमीचंच.’ मी भातात वरण कालवत राहिले.

वॉचमनची नोकरी ही काय लाजायची गोष्ट होती? अर्ध्या चाळीने तेव्हा तीच धरली होती. पण त्या रात्रीपासून वडिलांशी बोलताना मी प्रत्येक वाक्याआधी हिशोब करायला लागले, की हे बोलणं त्या फाटकापाशी तर जाणार नाही? शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय ‘सुपरवायझर’ असा मीच माझ्या हाताने लिहिला. हळूहळू आमच्यात बोलण्यासारखं फक्त पाणी आलं का आणि अभ्यास झाला का, एवढंच उरलं. आणि आईला? आईला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. हे ती मला बोलली तेव्हा वडील जाऊन सहा वर्षं झाली होती.

म्हणून बंगलोरचं सांगते. लोकांशी खोटं बोलू नये वगैरे उपदेश मला करायचा नाही. नातेवाइकांना आपण काय काय सांगत नाही! पण हे असलं खोटं घरातल्या प्रत्येकाला पाठ करावं लागतं आणि एकमेकांसमोर जपावं लागतं. मिस्टर मुलाशी बोलत नाहीत, तुम्ही गॅलरीत कुजबुजता, नात चेहरे वाचते, हे तुम्ही मला तीन वेगळे प्रश्न म्हणून लिहिलेत. मला तो एकच गुंता दिसतो. एवढ्याशा घरात एक मोठा विषय बंद झाला की त्याच्या आजूबाजूचे दहा विषय बंद होतात. शिवाय, राग मानू नका, दहा महिने बंगलोरला कोणी ‘ऑफिसच्या कामाला’ राहत नाही हे तुमच्या नणंदांना कळत नसेल असं वाटतं का तुम्हाला? त्या व्हॉट्सॲपवर सुनेचे स्टेटस बघत असतील.

तेव्हा बंगलोर आधी बंद करायचं. त्याला क्रम आहे, आणि तो चुकवू नका.

सुरुवात मुलापासून. संसार त्याचा मोडलाय, बातमीही त्याची आहे. त्याला न विचारता तुम्ही ती नणंदेला दिलीत तर तो खरंच दगा होईल. सुनेला फोन करणं हा दगा नाही. पण चोरून करणं थांबवा. त्याला साध्या शब्दांत सांगा: ‘मी तिच्याशी बोलते. तुझ्याविषयी बोलत नाही. नातीची चौकशी करते, तिची करते. तुला वाईट वाटेल म्हणून लपवलं, ते चुकलं.’ एवढंच. तो चिडेल, कदाचित दोन दिवस तोंड फिरवेल. चिडू दे. ‘तुझ्याविषयी बोलत नाही’ हे मात्र खरं असलं पाहिजे. गॅलरीतल्या फोनवर ‘तो हल्ली नीट जेवत नाही गं’ असं तुम्ही एकदा तरी म्हटलं असणार. इथून पुढे तेही नको. आणि तिकडची खबर इकडे आणायची नाही, मुलाने विचारली तरी.

हे कुठे बोलायचं? जेवणाच्या टेबलावर नको, टीव्हीसमोर नको. आपल्या घरांत दोन माणसांना एकांत मिळत नाही, त्यात समोरासमोर बसून ‘मला तुझ्याशी बोलायचंय’ म्हटलं की समोरचा आधीच वकील होऊन बसतो. बाजारात जाताना बोला. पिशव्या त्याच्या हातात, नजर दोघांची रस्त्यावर. रविवारी नातीला पोचवायला बोरिवलीला जातो ना तो? परतीच्या गाडीत त्याच्या शेजारी बसा. दादरला गाडी बदलेपर्यंत सांगून होतं, आणि पुलावरच्या गर्दीत लगेच उत्तर द्यायची सक्ती त्याच्यावर राहत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो पत्रात सगळ्यात खाली एका ओळीत उरकलात. जुळवायला वेळ आहे ना?

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. परस्परसंमतीने घटस्फोटाचं कलम त्यात १९७६ साली आलं, १३ ब. अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज केल्यावर साधारण सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा न्यायालयात येऊन ‘आमचं ठाम आहे’ म्हणायचं. तोवर दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. हे सहा महिने प्रत्येक वेळी थांबावंच लागतं असंही नाही, योग्य प्रकरणात न्यायालय ते माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. तुमच्यासारख्या कितीतरी आया या सहा महिन्यांकडे देवाने दिलेली मुदत म्हणून बघतात. ही मुदत त्या दोघांची आहे. त्यांना फेरविचार करावासा वाटला तर वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात त्यासाठी समुपदेशक बसलेले असतात, ते त्यांच्याशी बोलतील. दर चार दिवसांनी ‘पोरीकडे बघून तरी…’ असा फोन सासूकडून गेला, तर सून एक दिवस फोन उचलायचा बंद करेल. मग नात कोणाच्या मर्जीवर येणार? मूल कोणाकडे, भेट कधी, हे आईबापांमध्ये ठरतं. न्यायालय प्रसंगी आजीआजोबांनाही भेट देतं, पण आजी आहे म्हणून आपोआप मिळणारा हक्क असा नाही. तुमचा रविवार आज सुनेच्या चांगुलपणावर चाललाय. दहा महिने तिने तो एकदाही चुकवला असं तुम्ही लिहिलेलं नाही. याचं मोल तुमच्या मिस्टरांना कोणीतरी सांगायला हवं.

मिस्टरांचा राग मला समजतो. वाईट त्यांनाही वाटतंय, फक्त ते बाहेर पडताना ‘आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही’ असं पडतं. त्यांच्याशी वाद घालू नका. घराण्यात काय काय झालंय ते तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत असणार, पण ती यादी आत्ता काढू नका. फक्त दोन गोष्टी त्यांना कळल्या पाहिजेत. मी सुनेशी बोलते आणि बोलत राहणार, ही एक. दुसरी, यापुढे मी निरोप पोचवणार नाही.

ही दुसरी कठीण आहे, कारण निरोप पोचवणं तुमच्या अंगवळणी पडलंय, आणि खरं सांगू, त्यात थोडं महत्त्वही वाटतं आपल्याला. दोन पुरुष घुमे झाले की मधली बाई म्हणजे घराचं टेलिफोन एक्स्चेंज! ते म्हणतील, ‘त्याला सांग जेवून घे.’ तुम्ही म्हणा, ‘तो समोरच आहे.’ आणि पोळी लाटत राहा. पहिले काही दिवस कोणी कोणाला काही सांगणार नाही, भात गार होईल, बिल दोनदा भरलं जाईल. जाऊ दे. तुम्ही मध्ये पडला नाहीत की शेवटी कोणीतरी भिंतीकडे बघत का होईना, ‘गिझर चालू राहिलाय’ म्हणेल. असल्या बोलण्याला हसू नका. घर हादरलेलं असताना मोठं बोलणं कोणालाच झेपत नाही, गिझर आणि दूध एवढंच झेपतं. माझे वडील आणि मी ‘पाणी आलं का’वर कित्येक वर्षं काढली. फरक इतकाच की आमच्याकडे त्याखाली दडवलेलं काहीतरी होतं. तुमच्याकडे ते उघडं झालेलं असेल.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण मखर दरवर्षी मिस्टरच करत असतील असा माझा अंदाज आहे. २०१८ ला थर्मोकोलवर बंदी आली तेव्हापासून पुठ्ठ्याचा आणि कागदाचा उद्योग म्हणजे दुसरा माणूस लागतोच, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने कापायचं. यंदा शेजारचा मुलगा बोलवू नका. तुम्हीही धरायला जाऊ नका. कंबर दुखतेय म्हणा, या वयात ते खोटं ठरत नाही. आणि खोलीतून बाहेर जा. ‘बापलेकांनो, आता जरा बोला’ असं चुकूनही म्हणायचं नाही. पुठ्ठा वाकडा कापला गेला तर त्यावरून भांडतील. उत्तमच! दहा महिन्यांतलं ते पहिलं थेट भांडण असेल.

सुनेला बोलवायचं का, तर तुमचं बोलावणं म्हणजे दुसऱ्याच कशाचं आमंत्रण आहे का, हे आधी स्वतःला विचारा. सगळ्यांसमोर आरतीला दोघं शेजारी उभी राहिली की काहीतरी होईल, असं मनात असेल तर नको. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत ती ताटकळेल आणि तुमचा मुलगा गॅलरीत जाऊन उभा राहील. मुलाची हरकत नसेल तर तिला एवढंच कळवा: ‘नातीला आरतीला पाठवशील का? तुला यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तर मी समजेन.’ ती येणार नाही बहुतेक. आणि गौरीपुढे यंदा तिच्या जागी कोणा भाचीला, पुतणीला उभं करू नका. जे काय करायचं ते तुम्ही स्वतः करा. नातीच्या डोळ्यांना ती जागा भरलेली दिसणं बरं नाही.

मोदकांचं मात्र वेगळं. पत्रात सुनेबद्दल जिथे जिथे लिहिलंत तिथे काहीतरी काळजी, काहीतरी तक्रार चिकटलेली आहे. एक कळ्यांचं वाक्य तेवढं निखळ आहे. ते तिला कळवा. ‘यंदा मोदक मी करतेय, तुझ्यासारख्या कळ्या पडत नाहीत.’ पुढे ‘परत ये’ नको, रडका चेहरा नको. बारा वर्षं ज्या घरात ती उकड मळत होती, असं समजू या, त्या घरात तिच्या हाताची आठवण निघते, हे तिला कळलं म्हणजे झालं.

(बारा वर्षं मी मनाने लिहिली. तुम्ही आकडा दिला नाहीत, पण घराण्यात नाव व्हायला कळ्यांना तेवढा वेळ लागतो.)

नातेवाइकांचं काम सगळ्यात सोपं आहे आणि तुम्ही सगळ्यात जास्त घाबरलाय त्याला. मुलाने हो म्हटलं की गणपतीच्या आठवडाभर आधी एकाच व्यक्तीला फोन करा. कोणाला ते तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक घराण्यात एक अशी नणंद किंवा जाऊ असते जिला सांगितलं की संध्याकाळपर्यंत विरार ते पनवेल कळलेलं असतं. आजवर तिला नावं ठेवलीत, यंदा तिचा उपयोग करून घ्या. सांगायचं एवढंच: ‘ती दोघं वेगळी झालीत, ठरवून झालीत. चूक कोणाची ते आम्ही बोलत नाही. पोरीसमोर कोणी विषय काढू नये, एवढं सगळ्यांना तुम्हीच सांगा.’ शेवटचं काम तिच्यावर सोपवलं की तिला जबाबदारीचा मान मिळतो आणि तुमचा पहारा वाचतो. तरीही पाहुण्यांतलं कोणीतरी ‘अरेरे, पण झालं काय नेमकं?’ विचारणारच. त्याला उत्तर देऊ नका, मोदक वाढा. तोंडात मोदक असलेल्या माणसाला दुसरा प्रश्न विचारता येत नाही.

राहिली नात. तिला तुम्ही स्वतःहून सांगायचंय, आणि शेजारणीच्या पुढच्या प्रश्नाआधी: ‘आई कुठे कोणी विचारलं ना, तर आई बोरिवलीला आहे म्हणायचं. ऑफिसचं आम्ही मोठ्यांनी उगीच सांगितलं होतं.’ मुलांना आपलं चुकलं हे मोठ्यांच्या तोंडून क्वचितच ऐकायला मिळतं, ती जरा चकित होईल. बाजूचा प्रश्न ती पुन्हा विचारेल. तेव्हा ‘मी दोघांच्या बाजूची’ असलं गोलमोल नको, सात वर्षांच्या मुलीला ते पटत नाही. म्हणा, ‘मी तुझ्या बाबाची आई आहे आणि तुझी आजी आहे. तुझ्या आईशी मी रोज दुपारी फोनवर बोलते.’ पण हे मिस्टरांच्या देखत म्हणता आलं पाहिजे. म्हणून तर गॅलरीचा फोन आधी उघड करायचा. आणि तिच्याकडून बोरिवलीच्या बातम्या काढू नका. ‘आई काय म्हणते गं आमच्याबद्दल?’ हा प्रश्न जिभेवर आला की तिच्या वेण्या घालायला घ्या.

तुमचं स्वतःचं काय, हे पत्रात कुठेच नाही. तुमचाही एक संसार मोडल्यासारखाच आहे, हातची सून गेली, रोज दिसणारी नात पंधरवड्यावर गेली. त्याबद्दल रडायचं असेल तर मुलाच्या किंवा सुनेच्या खांद्यावर नको, त्यांचे खांदे सध्या भरलेत. एखादी मैत्रीण पकडा. ते जमण्यासारखं नसेल तर १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

फ्रिजवरचं चित्र राहू द्या. मिस्टरांनी काढलं तर परत लावा, त्याच मॅग्नेटने, त्याच जागी. पाहुण्यांपैकी कोणी विचारलं तर नातीने काढलंय म्हणून सांगा. काढलंय तिनेच.